गालिचा धुण्याचे दर आणि कामाचे स्तर कसे ठरवावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळव्याच्या एका तरुणाने फॅसिलिटी कंपनीतली नोकरी सोडून सोफा-कार्पेट क्लीनिंगचा स्वतःचा धंदा सुरू केलाय. हाताखाली दोन मुलं, एक एक्स्ट्रॅक्शन मशीन (गरम पाणी मारून ते घाणीसकट परत ओढून घेणारं), एक जुनी व्हॅन. आसपासचे लोक चौरस फुटाला ८ रुपये घेतात म्हणून त्यानेही तोच दर लावला. कामं भरपूर येतात, पण महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. आता 'बेसिक, डिलक्स, प्रीमियम' अशी तीन पॅकेजं काढावीत का, आणि त्यांचे दर काय ठेवावेत, असं तो विचारतोय.

पॅकेजांकडे येतेच. आधी त्या ८ रुपयांचं बघू. हा दर ज्याने पहिल्यांदा लावला त्याचं भाडं किती, त्याची मुलं किती पगारावर आहेत, तो जीएसटी भरतो की नाही, यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही. दुसऱ्याचा दर उचलताना त्याचा खर्चही आपल्याइतकाच आहे असं आपण धरून चालतो, आणि तो तसा नसतो.

तुमचा खर्च तासांवर होतो. मुलांचा पगार, व्हॅनचा हप्ता, गाळ्याचं भाडं हे सगळं घड्याळाबरोबर चालतं. गालिचा केवढा आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. एक हिशोब मांडते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. दोन मुलांचा पगार आणि दिवाळीच्या बोनसची तरतूद मिळून महिना ४०,००० रुपये. व्हॅनचा हप्ता, सीएनजी, देखभाल १६,०००. सामान ठेवायला छोटा गाळा ९,०००. केमिकल ८,०००. मशीनची झीज आणि दुरुस्ती ६,०००. फोन, जाहिरात, हिशोब लिहिणारा ९,०००. आणि तुमचा स्वतःचा पगार ४०,०००. हा शेवटचा आकडा नवे लोक धरतच नाहीत. 'उरेल ते माझं' म्हणतात, आणि मग उरत काहीच नाही. एकूण झाले १,२८,०००.

आता तास मोजा. सकाळी दहाला ठाण्यात कासारवडवली आणि दुपारी दोनला नवी मुंबईत नेरूळ अशी आखणी वहीत छान दिसते. प्रत्यक्षात घोडबंदर रोडवरून माजिवड्याला यायलाच किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नाही. पुढे कळवा-विटाव्यातून ठाणे-बेलापूर रोड गाठायचा. सोसायटीच्या गेटवर ॲपवर मंजुरी येईपर्यंत थांबायचं, सर्व्हिस लिफ्ट रिकामी व्हायची वाट बघायची, पार्किंग मिळालं नाही तर मशीन रस्त्यावरून ढकलत आणायचं. दुपारी दोन ते चार मशीनचा आवाज चालणार नाही असा नियम कित्येक सोसायट्यांत आहे. हे सगळं वजा करून दिवसाला साडेचार तास प्रत्यक्ष कामाचे मिळाले तर चांगलं म्हणायचं. २४ दिवसांचे १०८ तास. त्यातून ऐनवेळी रद्द झालेली आणि पुन्हा जावं लागलेली कामं काढा, १०० उरतात. म्हणजे तुमचा एक तास तुम्हालाच १,२८० रुपयांना पडतो. त्यावर पुढच्या मशीनसाठी, अडीअडचणीसाठी आणि नफ्यासाठी वीस-एकवीस टक्के चढवले की १,५५० होतात.

या आकड्याने आता ८ रुपयांकडे बघा. नौपाड्यातल्या एका घरी पाच बाय सातचा गालिचा आहे, म्हणजे ३५ फूट. ८ रुपयांनी २८० रुपये. सामान वर नेणं, तपासणी, व्हॅक्यूम, स्प्रे, धुणं, आवराआवर मिळून सव्वा तास गेला, म्हणजे तुमचा खर्च १,६००. आता महापेतलं ऑफिस घ्या. ३,००० फूट कार्पेट टाइल्स (कार्पेटचे चौकोनी तुकडे), मधली जागा मोकळी. कमी पाण्याच्या पद्धतीने तासाला ५०० फूट निघाले तर सहा तास, ९,३०० रुपये, फुटाला ३ रुपये १० पैसे. तिथे तुम्ही ८ रुपये सांगता आणि काम दुसऱ्याला जातं. एकाच दराने लहान घरात तोटा होतो आणि मोठं ऑफिस हातातून सुटतं. ज्या कामात तोटा आहे नेमकी तीच कामं तुमच्याकडे वाढत जातात. तुमचं 'काम भरपूर, पैसा नाही' हे इथून आलेलं आहे.

म्हणून घरगुती भेटीची किमान रक्कम ठेवा. वरच्या हिशोबाने ती २,००० रुपये येते. त्याच घरात दुसरा तेवढाच गालिचा असेल तर त्याला पंचवीस मिनिटं जास्त लागतील, म्हणजे ६५० रुपये. हे गिऱ्हाईकाला समजावून सांगितलं की आतल्या खोलीतला दुसरा गालिचाही बाहेर येतो, आणि तुमचं एक जाणं वाचतं. भागांना वार लावून घ्या. घोडबंदर पट्टा सोमवार-गुरुवार, वाशी-नेरूळ-सीवूड्स मंगळवार-शुक्रवार, असं काहीतरी. ज्यांना दुसराच वार हवा असेल त्यांच्याकडून जाण्यायेण्याचे जास्तीचे पैसे घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही, तो वेळ तुमच्या मुलांच्या पगारातून जातो.

आता पॅकेजं. बेसिक-डिलक्स-प्रीमियम ही रचना मला पटत नाही. त्यातल्या बेसिकमधून बहुधा काहीतरी काढून घेतलेलं असतं. व्हॅक्यूम वरवर फिरवतात, विसळत नाहीत, वाळवायला ब्लोअर लावत नाहीत. गालिच्यातली बहुतेक घाण सुकी असते: धूळ, वाळू, केस, कातडीचे कण. ती कोरडी असतानाच निघाली नाही तर पाणी पडल्यावर तिचा चिखल होतो आणि तो लवेच्या मुळाशी बसतो. शाम्पू नीट विसळला नाही तर चिकट थर राहतो, त्यावर धूळ धरते आणि गालिचा आधीपेक्षा लवकर काळा पडतो. म्हणजे स्वस्तातलं पॅकेज घेणाऱ्याचा गालिचा आपण पैसे घेऊन बिघडवतो. सगळ्यात कमी दराच्या कामातसुद्धा सावकाश, आडवा-उभा दोन्ही बाजूंनी फिरवलेला व्हॅक्यूम, डाग हाताने बघणं, विसळणं आणि वाळायची सोय एवढं असायलाच हवं. याहून कमीत काम होत नसेल तर ते घेऊ नका.

मी स्तर दोन बाजूंनी पाडते. एक बाजू गालिचा ठरवतो, तिथे गिऱ्हाईकाची निवड चालत नाही. दुसरी गिऱ्हाईकाची सोय ठरवते, तिथे त्याला हवं ते निवडू द्या.

गालिच्याची बाजू आधी सांगते, कारण खरा धंदा आणि खरा धोका इथे आहे. नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन या सिंथेटिक धाग्यांना घरच्या घरी गरम पाण्याच्या एक्स्ट्रॅक्शनने धुता येतं. ऑफिसच्या टाइल्सना एरवी कमी पाण्याची एन्कॅप्सुलेशन पद्धत पुरते. तिच्यात केमिकल घाणीभोवती सुकून कोरडी पूड होते आणि पुढच्या व्हॅक्यूममध्ये निघते. लोकरीला पाणी चालतं, पण फार गरम नको आणि केमिकलचा पीएच ८.५ च्या वर नको. तुमच्या नेहमीच्या तीव्र अल्कलाइन (क्षारयुक्त) स्प्रेने लोकर खरखरीत होते आणि रंग सुटतो. हाताने गाठी मारलेला भदोहीचा किंवा काश्मिरी गालिचा शक्यतो गाळ्यावर नेऊन, दोन्ही बाजूंनी धूळ झाडून, आडवा पसरून धुवावा. तो घरात फरशीवर ओला ठेवायची वस्तूच नाही.

सगळ्यात जास्त फसवणारा धागा व्हिस्कोज आहे. दुकानात 'आर्ट सिल्क', 'बांबू सिल्क' अशा नावांनी विकला जाणारा गालिचा बहुधा हाच असतो, आणि कोलशेत, हिरानंदानी इस्टेट, पाम बीच रोडवरच्या नव्या फ्लॅटमध्ये तो खूप दिसतो. चकाकी रेशमासारखी, पण ओला झाला की धागा कमजोर होतो, लव आडवी पडून राहते, पिवळट झाक येते. चहाचा कप सांडल्यावर नुसतं पाणी लावून घासलं तरी तिथे कायमचा चट्टा राहतो. तुमच्या मुलांनी त्यावर नेहमीसारखं मशीन फिरवलं तर त्या दिवशीचा नफा सोडा, गालिच्याची किंमत भरून द्यावी लागेल.

ओळखायचं कसं? मागची बाजू उलटून बघा. गाठी दिसत असतील तर हातविणीचा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड, आणि त्या कापडाआड लेटेक्स, म्हणजे रबरी गोंद आहे. आपल्या दमट हवेत ते लेटेक्स काही वर्षांत सुटायला लागतं, हाताला पावडर लागते. असा गालिचा जास्त ओला केला तर थर वेगळे होतात. शंका असेल तर मालकांना विचारून मागच्या बाजूचा एक धागा काढून जाळा. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. व्हिस्कोज कागदासारखा जळतो. सिंथेटिक वितळून कडक मणी होतो. मग पांढरं ओलं फडकं प्रत्येक गडद रंगावर दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर तिथे पाण्याचं काम थांबवा.

ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे आणि ती फुकट नाही. काम मिळालं तर ती बिलातच येते. मोठ्या किंवा महागड्या गालिच्यासाठी वेगळं बघायला जावं लागलं तर तपासणीचे पैसे आधी सांगून घ्या आणि काम ठरल्यावर बिलातून वजा करा.

फोनवर 'फुटाला किती?' हा प्रश्न येणारच. त्याला टाळू नका, पण तिथल्या तिथे एक आकडाही फेकू नका. मी साधारण असं बोलते: "काकू, सिंथेटिक गालिचा असेल आणि घरीच धुवायचा असेल तर किमान दोन हजारपासून सुरू होतं. लोकरीचा किंवा रेशमी दिसणारा असेल तर तो बघितल्याशिवाय मी आकडा सांगितला तर तुमचंच नुकसान होईल. पुढून एक, मागून एक आणि डागाचा एक असे तीन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, संध्याकाळपर्यंत लिहून पाठवते." ज्यांना गालिच्याची काळजी आहे ते फोटो पाठवतात. ज्यांना फक्त स्वस्त हवंय ते दुसरीकडे जातात, त्यांना जाऊ द्या.

आता गिऱ्हाईकाच्या सोयीची बाजू. रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर यायचं, चार तासांत चालण्याजोगा वाळवून द्यायचा, जड सोफा-सेंटर टेबल हलवायचं, डाग लवकर मुरू नये म्हणून वरून प्रोटेक्टर मारायचा, गाळ्यावर नेलेला गालिचा दोन दिवसांत परत हवा. या प्रत्येकाला वेगळा वेळ आणि वेगळा माणूस लागतो, म्हणून प्रत्येकाची वेगळी रक्कम कोटेशनमध्ये लिहा. नको असलेली ओळ गिऱ्हाईक खोडेल, त्याने मूळ धुलाईत काहीच कमी होणार नाही. तीन पॅकेजं दाखवून मधलं घ्यायला लावण्यापेक्षा हे जास्त सरळ आहे, आणि भांडणं कमी होतात.

कोटेशनमध्ये काय धरलेलं नाही हेही लिहा. विजेचं आधीच विचारा. गरम पाण्याच्या मशीनला गीझर किंवा एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, हॉलमधल्या छोट्या प्लगवर लावलं तर एमसीबी पडतो. गाळ्यावर न्यायचा असेल तर गेट पास मालकांनी आधी काढून ठेवायचा. गालिच्याला टॅग लावून, चारही कोपऱ्यांचे आणि झालरीचे फोटो काढून, पावती देऊनच उचला.

डागांच्या बाबतीत मुलांना एक वाक्य पाठ करून ठेवायला सांगा: "प्रयत्न करतो, किती निघेल ते धुतल्यावरच कळेल." 'जाईल' हा शब्द वापरायचा नाही. हळदीचा डाग अल्कलाइन साबणाने लाल होतो, आणि गिऱ्हाईकाला वाटतं तुम्ही गालिचा जाळला. हळदीचा रंग उजेडात विटतो, त्यामुळे घाई न करता सौम्य आम्लधर्मी उपाय आणि मग ऊन दिलं तर बराच फरक पडतो. चहाच्या डागालाही आम्लधर्मी उपाय लागतो. रक्ताला थंड पाणी, गरम पाण्याने ते धाग्यात पक्कं बसतं. कुत्र्या-मांजराच्या मुताचा वास वरून धुऊन जात नाही, कारण ते खालच्या थरापर्यंत गेलेलं असतं. त्याला एन्झाइमचं केमिकल आणि बहुतेक वेळा गाळ्यावर भिजवूनच धुणं लागतं, म्हणून त्याचा दर वेगळा. काही डाग धुतल्यावर दिसेनासे होतात आणि वाळताना खालून वर येतात. यासाठी सात दिवसांत एकदा विनामूल्य येऊ असं लिहून द्या आणि त्याचा खर्च दरात आधीच धरा. वरच्या १०० तासांमध्ये पुन्हा जाण्याचा वेळ याचसाठी वजा केलाय.

पावसाळ्याबद्दल. जूनपासून कामं कमी होतात म्हणून पुष्कळ जण 'मान्सून ऑफर' काढतात. मला हे उलटं वाटतं. जुलैत ठाण्यात हवा इतकी दमट असते की एरवी सहा-आठ तासांत वाळणारं कार्पेट दुसऱ्या दिवशीही गार लागतं, आणि दोन दिवस ओलं राहिलं की कुबट वास आणि बुरशी. ब्लोअर रात्रभर ठेवावे लागतात, ते आणायला दुसरी फेरी होते. खर्च वाढलेला असताना दर कमी करायचा म्हणजे एकतर तोटा, नाहीतर अर्धवट वाळवून निघून यायचं. त्या महिन्यांत घरी कमी पाण्याची पद्धत सुचवा किंवा गाळ्यावर डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं मशीन) लावून वाळवा, आणि रिकामे तास ऑफिसांना द्या. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांनाच गालिचा स्वच्छ हवा असतो आणि पाऊस तर चालूच असतो. त्यासाठी जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी फोन करून तारखा बांधून घ्या. दिवाळीच्या तोंडावर जुन्यांसाठी दर वाढवू नका, फक्त दिवसाला झेपतील तेवढीच कामं घ्या. तेव्हा घाईत घेतलेलं एक जास्तीचं काम बहुतेक वेळा परत जाऊन निस्तरावं लागतं.

ऑफिसचं गणित थोडं निराळं. ऐरोली, महापे, बेलापूरकडचे फॅसिलिटी मॅनेजर सगळ्या मजल्याचा फुटाचा दर मागतात. तुम्ही मजल्याचे भाग पाडा. रिसेप्शन, लिफ्टसमोरची जागा आणि पँट्रीची वाट पावसाळ्यात दर महिन्याला, बसायच्या जागा तीन महिन्यांनी, केबिन आणि कॉन्फरन्स रूम वर्षातून दोनदा. एकूण रक्कम मॅनेजरच्या बजेटात बसते आणि जिथे चिखल येतो तिथे खरंच काम होतं. गरम पाण्याने सगळं धुवायचं तर तासाला २५० फूटच निघतील, म्हणजे तेच ३,००० फूट १२ तासांचं, १८,६०० रुपयांचं काम होतं. ते वर्षातून एकदा पुरे. खुर्च्या, वायरी, डस्टबिन कोण हलवणार हे करारात लिहा, नाहीतर रात्रीचे दोन तास त्यातच जातात.

ऑफिसकडून पैसे उशिरा येतात, बिलातून टीडीएसही (आयकराची आगाऊ कपात) कापला जातो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. बिलावर उद्यम क्रमांक छापला की अकाउंट्स विभाग बिल सहजासहजी बाजूला टाकत नाही. तरीही पहिल्या कंत्राटात तुमच्या खिशात दोन महिन्यांचे पगार असल्याशिवाय पडू नका.

जीएसटीचं आत्ताच बघा. वरच्या हिशोबाने महिन्याला १,५५,००० म्हणजे वर्षाला १८ लाख ६० हजार होतात, आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. ती ओलांडली की १८ टक्के लागतो. ऑफिसला तो परत मिळतो, घरच्या गिऱ्हाइकाला मिळत नाही, त्याला तेवढी दरवाढच वाटते. म्हणून घरगुती दर आज खर्चाला चिकटवून ठेवू नका.

८ रुपयांवरचे तुमचे जुने लोक राहिले. सगळ्यांना एकदम नवा दर लावू नका आणि मागच्या दारानेही वाढवू नका. वर्षात दोनदा बोलावणाऱ्यांना स्वतः फोन करा, नवी किमान रक्कम सांगा, आणि तीत तपासणी, दोन्ही बाजूंचा व्हॅक्यूम, ब्लोअर आणि सात दिवसांतली भेट आहे हे सांगा. पुढचं एक काम जुन्या दराने करून द्या, पण नव्या पद्धतीने, म्हणजे फरक त्यांच्या डोळ्यांसमोर असेल. वर्षातून एकदाच, तेही घासाघीस करून बोलावणाऱ्यांना नव्या दराचं कोटेशन सरळ व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यातले काही जातील. त्यांच्यामागे जे तास रिकामे होतील त्यात पहिल्या महिन्यात महापे-ऐरोलीच्या ऑफिसांचे मजले बघून या आणि भाग पाडून कोटेशनं द्या.